बारा गाड्या आणि एक ठिपका

साखर कारखान्याचा भोंगा बंद झाला की आमच्या गावाला जत्रेची चाहूल लागायची. ऊस संपला, गाळप थांबलं, तोडीला आलेली बिऱ्हाडं पूर्वेकडच्या आपापल्या कोरड्या गावांना परतली, आणि इतके महिने दिवसरात्र कानावर पडणारा तो भोंगा एका सकाळी वाजलाच नाही, की आई हातातलं काम थांबवून म्हणायची, आता नाथाचं बघायला पाहिजे. बेलापूरपासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर, प्रवरेच्या काठाला आमचं गाव. गाव वर, नाथाचं देऊळ खाली नदीशी, आणि वेशीपासून देवळाच्या पायऱ्यांपर्यंत एक सरळ उतरता रस्ता. जत्रेच्या दिवशी त्या रस्त्यावरून एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, बैल न जुंपता, एकट्या माणसाने ओढून देवळापर्यंत आणायच्या, हा नाथाचा सोहळा. ओढणाऱ्याला भगत म्हणत. तो मान आमच्या घराण्याकडे होता, आणि माझ्या लहानपणी भगत म्हणजे आमचे तात्या, माझे वडील.

तात्या एरवी अगदी साधा माणूस. उसाला पाणी देणं, गाईची धार काढणं आणि कुणी भांडायला आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवणं, यात त्यांचं वर्ष जायचं. पण जत्रेच्या आधीचे दिवस ते घरात असूनही घरातले नसायचे. उपास धरायचे, घोंगडीवर झोपायचे, कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. मग त्यांना नवरदेवासारखी हळद लागायची. भावकीतल्या बायका जमायच्या, गाणी म्हणायच्या, आणि आईला चिडवायच्या की आज तुझा नवरा परत बोहल्यावर चढतोय. आई हसायची, पण तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. ती पुरण वाटत राहायची. आमच्याकडे त्या दिवशी पुरणपोळी आणि येळवणीची आमटी ठरलेली. पाटा-वरवंट्याचा घरघर आवाज आणि उकळत्या येळवणीचा तिखटगोड वास मिळून माझ्या डोक्यात जत्रा तयार होते. आज पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मिक्सरवर पुरण फिरवताना ती होत नाही. स्वयंपाक आवरला की आई आणि घरातल्या बायका ताम्हन, पाण्याची कळशी आणि हळदकुंकू घेऊन देवळाकडे निघायच्या आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर बसायच्या. गाड्या आल्या की भगताचे पाय त्यांनी धुवायचे असत. आई मधोमध बसायची.

बारा गाड्या एकटा माणूस कसा ओढतो, असं आता पुण्यातले लोक मला डोळे बारीक करून विचारतात. गावात हा प्रश्न कुणालाच पडत नव्हता. सुरुवातीला मागून पंचवीस-तीस गडी दणका द्यायचे हे सगळ्यांना दिसत होतं, आणि रस्ता उतरता आहे हे तर गावातली म्हैसही जाणून होती. तरी नाथच ओढतो असं सगळे म्हणायचे आणि त्यात कुणाला विसंगती वाटायची नाही. मलाही वाटली नाही. गाड्या लाकडी चाकांच्या होत्या, रस्ता मातीचा होता. ज्यांचे नवस असतील ते गाड्यांवर चढायचे, लहानपणी मीही चढले आहे. चाकांचा आख असा कण्हायचा की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. आणि पायऱ्या हाकेच्या अंतरावर आल्या की त्या गाड्या स्वतःच दमून उभ्या राहायच्या. शेवटचा टप्पा तात्या पुढून आणि गडी मागून, घामाघूम होऊन रेटायचे. गाड्या थांबवायची वेळ कधी येतच नव्हती, त्यामुळे त्या थांबतात कशाने याचा विचार कुणी केला नव्हता.

मी अभियांत्रिकीला नगरला गेले ती मामांच्या आधारावर. सावेडीत त्यांचं छोटं घर होतं, तिथून मी मामीच्या जुन्या लुनावर कॉलेजला जायची. आमच्या वर्गात मेकॅनिकलला मुली दोनच, आणि दुसरी शहरातली होती. शेवटच्या वर्षी सरांनी मला विषय दिला तो माझं गाव ऐकून दिला असावा. ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडल्या की उतारावर मागची पुढचीला धक्के देते आणि कधी कधी सगळंच उलटतं. ते धक्के किती बसतात आणि कशाने कमी होतील, हे एकही खरी ट्रॉली न उलटवता, संगणकावर शोधायचं. काम तसं सांगायला सोपं आहे. ट्रॉलीचं वजन, चाकांचा अडथळा, रस्त्याचा उतार आणि जोडदांडीची ताकद, एवढे आकडे संगणकाला द्यायचे. मग वेळेचे पापणी लवण्याआधी संपतील असे बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात त्याला विचारायचं, या क्षणी या ट्रॉलीला कोण ओढतंय, कोण ढकलतंय, कोण अडवतंय? त्यावरून तिचा वेग काढायचा, वेगावरून तिची पुढची जागा, आणि मग पुढचा तुकडा घ्यायचा. हे माणसाने करायचं तर जन्म पुरणार नाही. संगणक करतो, कारण त्याला कंटाळा येत नाही.

आकडे मला घरीच मिळाले. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या टायरगाडीला ताणकाटा अडकवून थोरल्या भावाने, सुभाषने, ती ओढली आणि मी काटा वाचला. हवा भरलेल्या रबरी टायरची गाडी किती हलकी चालते ते मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. सरळ उतार म्हणून मी देवळाचा रस्ता घेतला आणि गवंड्याची पाण्याची नळी लावून तो मोजला. येणारेजाणारे विचारायचे, इंजीनेर बाई, देवाला पाइपलाइन करताय काय? मी व्हय म्हणायची.

त्याच सुट्टीत घरी दोन बातम्या होत्या. गावातल्या तरुण मंडळाचा पुढारी बबन, उत्साही आणि मोठ्या आवाजाचा माणूस, ओसरीवर येऊन तात्यांना सांगून गेला की देवळाचा रस्ता जत्रेच्या आधी डांबरी होणार. आणि लाकडी गाड्या आता गावात धड चार उरल्या नाहीत, त्यांचीही चाकं वाळवीने खाल्लेली, म्हणून यंदा कारखान्याकडच्या टायरगाड्या आणायच्या. हंगाम संपल्यावर त्या आवारात नुसत्या उभ्याच असतात. दोन्ही गोष्टी नाथासाठीच होत्या आणि दोन्हीत खोट काढण्यासारखं काही नव्हतं. तात्या बरं म्हणाले, आईने चहा केला.

नगरला परत आल्यावर, माझं ट्रॉल्यांचं काम संपत आलं असताना, मी गंमत म्हणून दोनाच्या जागी बारा लिहिलं. ट्रॅक्टरच्या जागी माणूस ठेवला, म्हणजे एक ठिपका, जो माणूस पळू शकतो तेवढाच पळेल. ठिपका आणि पहिली गाडी यांच्यात दोर, आणि दोर फक्त ओढतो, ढकलत नाही. उतार देवळाच्या रस्त्याचा, डांबराचा आणि टायरचा आकडा मोजलेला, गाड्यांवर माणसांचं वजन. काळ्या पडद्यावर बारा हिरव्या चौकटी आणि पुढे ठिपका. मी बटण दाबलं. चौकटी हळूहळू सुटल्या, ठिपका पुढे, मध्ये दोराची रेघ ताठ. रस्त्याच्या अर्ध्यावर, जिथे वळणदार बुंध्याचा कडुलिंब आहे तिथे, रेघ वाकली. दोर सैल पडला. मग चौकटी ठिपक्याच्या जवळ जवळ येत गेल्या, आणि पायऱ्यांच्या बऱ्याच अलीकडे ठिपका पहिल्या चौकटीच्या आत गेला आणि बाराही चौकटी त्याच्यावरून पुढे गेल्या. आवाज काहीच झाला नाही. शेजारचा मुलगा समोशाचा कागद चुरगळत होता.

मला वाटलं, चूक असणार. आकडे माझेच होते, तेव्हा मी ते बदलून बघितले. माणसं कमी केली. मागे दोर धरून ओढणारे गडी घातले, ते गाड्यांबरोबर फरफटत गेले. उतार थोडा कमी धरला, ठिपक्याला तरुण केलं. प्रत्येक वेळी फक्त जागा बदलायची, कधी कडुलिंबाच्या पुढे, कधी अलीकडे. पुढची सारी वर्षं मी नोकरीत हेच केलं, संगणकात मोटारी आपटवल्या, आतल्या पुतळ्याची मान किती वाकते ते मोजलं. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण त्या हिरव्या ठिपक्याला मी आजही पुतळा म्हणू शकत नाही. देव ओढतो की उतार ओढतो, या वादात मला कधीच पडायचं नव्हतं. ओढणारा कोणीही असो, थांबवणारं यंदा कुणी नव्हतं, आणि माझ्या बापाच्या कमरेला दोर बांधला जाणार होता.

पुढे थोड्याच दिवसांत तात्या मामांकडे गूळ आणि गव्हाचं पोतं घेऊन आले. मी त्यांना कॉलेज दाखवते म्हणून दुपारी संगणकाच्या खोलीत नेलं. तेव्हा या खोल्या देवघरासारख्या जपत. चपला बाहेर काढायच्या, आत थंडगार हवा, मोठ्याने बोलायचं नाही. तात्यांनी चपला काढल्या, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि खुर्चीवर अगदी टोकाला बसले. मी त्यांना पडदा समजावून सांगितला आणि बटण दाबलं. ते म्हणाले, परत दाव. मी परत दाखवलं.

"ह्यो ठिपका म्हंजी मी व्हय?"

मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं की दोर सैल पडला तेव्हा त्यांनी तो सोडून बाजूला उडी टाकली तर काय होईल. याचा विचार मी केला होता, आणि खरं सांगायचं तर तीच माझी आशा होती. मी ठिपका काढून टाकला आणि बटण दाबलं. चौकटी कुणालाही न चिरडता मोकळ्या धावत पडद्याच्या कडेबाहेर गेल्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा सुटला नव्हता.

"पायऱ्या कुठं हायेत ह्याच्यात?"

मी म्हटलं, काढल्या नाहीत, ठिपका तिथवर पोचतच नव्हता. ते म्हणाले, काढ. मी कडेला एक उभी रेघ काढली आणि पुन्हा चालवलं. पहिली चौकट रेघेवर आदळली तेव्हा तिचा वेग सगळ्यांत जास्त होता.

"तितं तुजी आई बसती," तात्या म्हणाले.

एसटी स्टँडवर मी म्हटलं, तुम्ही यंदा ओढू नका. ते म्हणाले, मी न्हाई म्हनलो तर बबन्या चुलत्याच्या पोराला हुबं करील, गाड्या काय घरी बसत्यात व्हय? मी म्हटलं, मागून ट्रॅक्टर बांधा. नाथाच्या गाड्यांना मागून काही बांधत नाहीत, मागून धरलेला देव येत नाही, असं आमच्याकडे मानतात, हे मलाही ठाऊक होतं. मग म्हटलं, मी गावात येऊन सगळ्यांना समजावते. तेव्हा मात्र त्यांनी माझा दंड धरला आणि हे कुणाला बोलायचं नाही म्हणून बजावलं. नाथाच्या गाड्या उताराने जातात असं भगताची पोरगी म्हणते, एवढंच लोक ऐकतील, आणि मग हट्टाने दुप्पट माणसं गाड्यांवर चढतील. गाडी लागल्यावर, खिडकीतून, त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वाळूत गाडी रुतती का गं तुज्या पडद्यात?"

मी दुसऱ्याच दिवशी वाळू घातली. कडुलिंबापासून पायऱ्यांपर्यंत, घोटाभर. चौकटी वाळूत शिरल्या आणि ठिपक्याच्या मागेच मंदावत थांबल्या. मी इतक्या जोरात श्वास सोडला की लॅबच्या साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. पण जत्रेला घरी आले, तात्यांना ते सांगितलं, तर ते नुसतं व्हय म्हणाले आणि गाईला चारा टाकायला गेले. रस्ता झाला होता. वेशीत उभं राहिलं की काळा, गुळगुळीत, खाली नदीपर्यंत गेलेला दिसायचा आणि उन्हात डांबराचा वास घरात स्वयंपाकापर्यंत यायचा. मंडळाची पोरं त्यावर कुणाला बैल बांधू देत नव्हती. त्या रस्त्यावर वाळू टाका असं म्हणणाऱ्याला त्यांनी गावात ठेवलं नसतं. आईला मी काही सांगू शकत नव्हते. ती खालच्या पायरीवर बसायला नवं लुगडं काढून ठेवत होती.

जत्रेच्या आदल्या दिवशी टायरगाड्या वेशीत येऊन लागल्या. मी बघायला गेले. गावचा पोपट मिस्त्री, ज्याच्या मुलाला नुकतीच नोकरी लागली होती, तो एका चाकाशी उकिडवा बसला होता आणि त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. त्याने मला हाक मारून अभिमानाने दाखवलं. पोराच्या नोकरीसाठी तो नाथाला नवस बोलला होता, की तुझ्या बाराही गाड्यांची चाकं मी खोलीन, धुईन आणि नवं ग्रीस भरून देईन. त्याने एका गाडीला बोटाने रेटलं. ती चालायला लागली. मी घरी पळत आले. आमची टायरगाडी मी मोजली तेव्हा तिच्या चाकात वर्षानुवर्षांची माती आणि वाळलेलं ग्रीस होतं. माझा आकडा त्या जड चाकांचा होता.

तात्यांना हळद लागत होती. मी बायकांच्या मधून त्यांच्या कानाशी वाकले आणि सांगितलं, ग्रीस भरलंय, आता घोटाभर वाळू पुरायची नाही. त्यांनी विचारलं, किती पुरेल? मी म्हटलं, माहीत नाही. मला खरंच माहीत नव्हतं, आणि ते शब्द उच्चारताना मी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात नंतर कधी घाबरले नाही. संगणक नगरला होता. बायका गात होत्या. तात्यांच्या पिवळ्या चेहऱ्यावर मला काहीच वाचता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरतीला सगळं गाव देवळात होतं. आरती संपली, गुरव तीर्थ द्यायला वळला, आणि तात्या सभामंडपात मधोमध जाऊन उभे राहिले. हळदीच्या अंगाने, हात जोडून, जमिनीकडे बघत. आमचे तात्या कधी चारचौघांत बोलत नसत, म्हणून माणसं आपोआप गप्प झाली.

"पहाटं नाथ आलं हुतं सपनात," ते म्हणाले. "म्हनलं, माज्या वाटंला ह्ये काळं नगं. माजी वाळू टाका."

मी खांबाला धरून उभी होते. माझ्या माहितीत त्या माणसाने गाईच्या दुधात कधी पाणी घातलं नव्हतं, की कुणाला खोटा निरोप दिला नव्हता. आणि आता ते गाभाऱ्यासमोर, नाथाच्या दारात उभे होते. कुणीही शंका काढली नाही. ज्या बबनने रस्त्यासाठी तालुक्याला हेलपाटे घातले, तोच पहिल्यांदा हात जोडून पुढे झाला आणि हळू आवाजात त्याने एवढंच विचारलं, "वाळू किती सांगितली देवानं?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कडुलिंबाच्या वरच्या विहिरीपासून, ते म्हणाले, पायऱ्यांपर्यंत, आणि पोटरी बुडंल एवढी. मी सांगितल्यापेक्षा त्यांनी दोन्हीकडून वाढवून घेतलं होतं. दुपारपर्यंत नदीतून वाळू येत राहिली, ट्रॅक्टरमधून, पाट्यांमधून, पोरीबाळींच्या ओट्यांमधून. काळा रस्ता विहिरीपासून खाली पांढरा झाला.

मग गाड्या सुटल्या. मागचा दणका, हलगीचा कडकडाट, भंडारा, आणि सगळ्यांत पुढे तात्या. मी कडुलिंबापाशी जागा धरली होती. गाड्या आल्या त्यांना आवाजच नव्हता. लाकडाचं ते कण्हणं नाही, फक्त रबराची घरंगळ. विहिरीच्याही आधी दोर सैल पडला. पडद्यावर पडला होता त्याच्या कितीतरी आधी. मी तो दुसऱ्यांदा बघत होते, आणि पुढे काय होणार हे त्या हजार माणसांत दोघांनाच माहीत होतं, त्यातला एक पळत होता. लोक आनंदाने ओरडत होते, की बघा, नाथ कसा धावतोय. तात्या वाळूत शिरले आणि त्यांचाच वेग पडला, पाय रुतायला लागले. हे मी धरलंच नव्हतं. मागून पहिली गाडी वाळूत घुसली, मग दुसरी, आणि मग मागच्या गाड्या पुढच्यांवर चढल्यासारख्या आदळत आल्या. एक दांडी मोडल्याचा आवाज झाला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. वाळूचा लोट उठला आणि काही दिसेना.

धुरळा खाली बसला तेव्हा गाड्या उभ्या होत्या. तात्या गुडघ्यांवर होते. पहिल्या गाडीच्या दांडीचं टोक त्यांच्या पाठीला टेकलेलं होतं, नुसतं टेकलेलं, बंडी तेवढी फाटली होती. पायऱ्या तिथून दिसत होत्या आणि आई मधोमध, कळशीवर हात ठेवून उभी राहिली होती. सारं गाव नाथाच्या नावाने गर्जत होतं. आईने पाय धुतले तेव्हा ते इतके थरथरत होते की ताम्हनातलं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं.

त्या रात्री आमच्याकडे कुणी पुरणपोळी खाल्ली नाही. पुढच्या वर्षी तात्यांनी मान चुलत घराला देऊन टाकला. लोकांना वाटलं, दृष्टांत झालेला माणूस आता संसारातून मन काढतोय. मला त्यांनी एकदाच सांगितलं, उसाला पाणी देताना, बांधावर बसून. सपान पडलं न्हवतं, म्हणाले, त्याच्या दारात त्याच्या नावानं खोटं बोललो, आता कंच्या तोंडानं आत जाऊ? मी म्हटलं, तुम्ही आईला वाचवलंत. ते म्हणाले, व्हय, ते बी खरंच हाय. त्यानंतर जगले तितकी वर्षं ते नाथाच्या दर्शनाला खालच्या पायरीपर्यंतच जायचे आणि तिथूनच हात जोडायचे. मला त्यांचं फार वाईट वाटतं. एवढी शिक्षा त्यांनी का करून घेतली, हे मला कळतं आणि पटत नाही.

वाळू मात्र राहिली. ती नाथाची आज्ञा झाली, दरवर्षी पडू लागली, तिची गाणी झाली. मग जाणत्यांपैकी एकेक गेले. प्रवरेत वाळू दिसेनाशी झाली, तशी रस्त्यावरची पोटरीची घोटाभर झाली, मग पायाखाली करकरेल एवढी. हल्ली गुरव तांब्याच्या ताटातून मूठभर वाळू आणतो आणि कडुलिंबाच्या बुंध्याशी टाकतो. आज्ञा पाळल्याचं समाधान सगळ्यांना असतं. पुलाच्या भरावामुळे यंदा रस्ता पहिल्यापेक्षा तीव्र उतरतो आणि तो सिमेंटचाही झाला आहे. वाळू कमी झाल्यावर गेल्या वर्षापर्यंत चुलत घराने ओढताना, मागून काही बांधायचं नाही म्हणून, चांगल्या दोनशे माणसांनी गाड्यांच्या कडा हाताने रोखून धरून कसंबसं निभावलं. यंदा चुलत घरात ओढायला कुणी उरलं नाही आणि मान परत आमच्याकडे आला. सुभाषचा मुलगा ओंकार, सव्वीस वर्षांचा, व्यायामाने कमावलेला, त्याने फोन करून मला आनंदाने सांगितलं की आत्या, औंदा मी ओढनार.

मी जुनं काम नव्याने मांडलं. आता हिरव्या चौकटी काढाव्या लागत नाहीत. लॅपटॉपवर गाड्या गाड्यांसारख्या दिसतात, कडुलिंबाला पानं असतात, माणसाला हातपाय असतात. नव्या उतारावर दोनशे माणसं धरूनही शेवट तोच आला, फक्त लवकर आला. मी तो व्हिडिओ ओंकारला पाठवला. संध्याकाळी तो मला माझ्याच मामेभावाकडून परत आला, वर मंडळाचं नाव, खाली जत्रेचं निमंत्रण, आणि मागे डीजेचं गाणं. दोर ताठ असेपर्यंतचा भाग ठेवला होता. मी फोन केला तर ओंकार म्हणाला, आत्या, लई भारी झालंय, शेवट कापला कारन रील लांब व्हत हुती. मी ओरडले. तो समजुतीने म्हणाला, "आत्या, ते कंपूटरमधलं हाय. हितं नाथ हाय."

जत्रा परवावर आली होती. मी त्याला आकडे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्या मागे कुणीतरी स्पीकर तपासत होतं. नाथाचं नाव घेऊन खोटं बोलताना तोंड इतकं कोरडं पडतं, हे तात्यांनी मला सांगितलं नव्हतं.

"ओंकार," मी म्हटलं, "मला पहाटे दृष्टांत झाला."

स्पीकरचा आवाज दूर गेला. तो बाहेर येऊन उभा राहिला असावा. बोलला तेव्हा त्याचा आवाज लहान झाला होता.

"वाळू किती सांगितली, आत्या?"

मी सांगितलं. विहिरीच्या वरपासून, मांडीपर्यंत.

"नदीची तर आता मिळत न्हाई," तो म्हणाला. "खडीची क्रश सँड चालंल का? इचार की देवाला."

क्रश सँड टोकदार असते, दाबली की घट्ट बसते. तीत चाक रुतेल की तिच्यावरून निघून जाईल, मला माहीत नव्हतं. "थांब," मी म्हटलं, "विचारून सांगते." आणि फोन कानाला तसाच धरून मी लॅपटॉप उघडला.